डावी बाजू

झाड पडलं तेव्हा वारा नव्हता. ही एवढीशी गोष्ट पुढे सूनबाईला इतक्या जणांना इतक्या वेळा सांगावी लागली, की आपणच काहीतरी लपवतोय असं शेवटी तिचं तिलाच वाटायला लागलं. वादळ नाही, पाऊस नाही, कुणी धक्का मारलेला नाही. भर दुपारी, पानसुद्धा हलत नसताना, गल्लीतलं ते जुनं झाड बुंध्याशी कडकडलं, जरा कलंडलं आणि खाली सावलीला लावलेल्या सासऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर आडवं झालं.

ती तेव्हा लॅबमध्ये होती. लोकांच्या बाह्या वर करायच्या, शीर शोधायची, रक्त काढायचं, हे तिचं सकाळपासूनचं काम. सासूबाईंचा फोन आला तेव्हा समोर एक पहिलवानासारखा गडी सुई बघून पांढराफटक पडला होता. त्याला आडवं करून, पाणी पाजून, मग तिनं फोन कानाला लावला.

"झाड पडलंय," सासूबाई म्हणाल्या. "गाडीवर. आत कुणी नव्हतं, कुणाला काही लागलं नाही. हे मागच्या खोलीत झोपलेत, त्यांना अजून उठवलं नाहीये. तू येतेस का? मी एकटीनं कसं सांगू त्यांना?"

घरातल्या अवघड गोष्टी सांगायला माणूस लागतं आणि ते माणूस आपणच असतो, हे सूनबाईला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. नवरा लांब एका पुलाच्या कामावर, महिनाअखेरीला दोन दिवस यायचा आणि त्यातला एक झोपून काढायचा. तिला सूनबाई म्हणायला सासऱ्यांनी सुरुवात केली, मग गल्लीनं ते उचललं, आणि आता पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायचा.

ती पोचली तेव्हा गल्लीत बघ्यांची गर्दी झाली होती. गाडीचं टप मधोमध दबलं होतं, पुढच्या काचेचं जाळं होऊन ती आत लोंबत होती, आणि बॉनेटवर एक जाडजूड फांदी हात टाकून झोपल्यासारखी पडली होती. तिनं वर जाऊन सासऱ्यांना उठवलं. सांगितलं. ते उठून बसले. चष्मा लावला, शर्ट घातला, बटणं नीट लावली आणि खाली आले. गाडीभोवती जेवढं फिरता येत होतं तेवढं फिरले.

"हँडब्रेक लावला होता मी," ते म्हणाले.

सासऱ्यांना सगळं शहर सर म्हणायचं. शाळेतले सर नव्हेत; त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. तीस-पस्तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून त्यांनी लोकांना गाडी शिकवली. बँकेचा मॅनेजर, दोन डॉक्टर, शववाहिनीचा ड्रायव्हर, कपड्यांच्या दुकानातल्या मालकीणबाई, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. गुडघे दुखायला लागले तेव्हा स्कूल बंद केली आणि ही एक गाडी तेवढी ठेवली. तिच्यावर त्यांचा जीव. रोज सकाळी फडकं मारायचे, आठवड्याला चाकांतली हवा बघायचे. घरातल्या कुणालाही कुठंही जायचं असलं की स्टिअरिंगवर तेच. सूनबाईलाही लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनीच शिकवलं होतं, लायसन्सही काढून दिलं होतं. पण ते घरात असताना गाडी दुसऱ्या कुणी चालवायची हा प्रश्नच कधी निघाला नाही. लायसन्स कपाटात आणि ती बसमध्ये, असं सगळं सुरळीत चाललं होतं.

आता फोनाफोनी सुरू झाली. पालिकेच्या उद्यान विभागानं सांगितलं की झाड उभं असेपर्यंत त्यांचं, पडल्यावर ते रस्ते विभागाचं. रस्ते विभाग म्हणाला, गाडीवर पडलंय म्हणजे आधी विमा कंपनीला फोटो काढू द्या, उगाच आमच्यावर बालंट नको. विमा कंपनीच्या फोनवर आधी बराच वेळ गाणं वाजलं. मग एका मुलीनं अतिशय गोड आवाजात गाडीचा नंबर घेतला आणि विचारलं की समोरच्या वाहनाचा नंबर काय.

"समोर वाहन नाही. झाड आहे."

"ठीक आहे मॅडम. तिथे मी 'माहीत नाही' असं लिहिते. त्या वेळी वाऱ्याचा वेग जास्त होता का?"

"वारा नव्हता."

मुलगी थांबली. तिच्यासमोरच्या कागदावर बहुधा वारा नसलेलं झाड नव्हतं. मग ती म्हणाली की पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच पुढचं बोलता येईल. सूनबाईनं फोन सासऱ्यांना दिला. त्यांनी तो थर्मामीटर धरल्यासारखा दोन बोटांत धरला, जन्मतारीख सांगितली, आईचं नाव सांगितलं, आणि "तुम्ही आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का" या प्रश्नावर "अजून काही झालंच नाही" असं प्रामाणिक उत्तर देऊन फोन परत केला.

असं करत करत झाड तसंच पडून राहिलं. शेजाऱ्यांना स्कूटर काढता येईनात, ते येताजाता सूनबाईला विचारायचे की किती दिवस हे असं. जणू तीच रात्री उठून बुंधा पोखरत होती. तिनं लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, मग आणखी एक घेतली, मग लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी भुवई उंचावल्यावर जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात उभं राहून फोन करायला लागली. नवऱ्याला फोन केला की तो म्हणायचा, "अगं, तूच बघून घे ना, तुला हे छान जमतं." तिला हे छान जमतं हे खरं नव्हतं. करणारं दुसरं कुणी नव्हतं एवढंच.

शेवटी रस्तेवाले करवती घेऊन आले, झाडाचे ओंडके केले. बुंधा आतून पोकळ निघाला, कुजून त्याचा भुसा झाला होता. सूनबाईला कधी नव्हे ते सुचलं आणि तिनं त्या पोकळीचा फोटो काढून ठेवला. मग क्रेनवाल्यानं गाडी मागून उचलली आणि गॅरेजला नेली. सासरे गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्यामागे चालत गेले.

गॅरेजचे मिस्त्री जुने ओळखीचे. सरांच्या सगळ्या गाड्यांचं काम त्यांच्याकडेच व्हायचं. दुसऱ्या दिवशी लॅब सुटल्यावर सूनबाई तिथं गेली, तेव्हा त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. मग तो चहा गार होईपर्यंत नुसतेच हात पुसत राहिले.

"ताई, सर नाही ना आलेत?"

"नाही. का हो?"

ते तिला गाडीच्या डाव्या बाजूला घेऊन गेले. मागच्या दारापासून पुढच्या चाकापर्यंत लांब ओरखडे होते, एकाखाली एक. बंपरचा कोपरा आत गेलेला. काही ठिकाणी वरून पांढरा रंग फासला होता, हातानं, छोट्या ब्रशनं, आणि तो रंग मूळ रंगाशी जुळत नव्हता.

"हे झाडाचं नाही," मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले. "जुनं आहे. वेगवेगळ्या वेळचं आहे. पण तुम्ही काळजी करू नका. झाडाचं एवढं मोठं नुकसान आहे, त्यात हेही बसून जाईल. आम्ही एकत्रच लिहून देतो. सरांना काही विचारायला नको."

सूनबाई त्या ओरखड्यांकडे बघत राहिली. गाडी गल्लीत नेहमी डावी बाजू भिंतीला चिकटवून उभी असायची. त्या बाजूला कोण कशाला जाईल? मागं एकदा बाल्कनीत पांढऱ्या रंगाची छोटी डबी दिसली होती, तेव्हा खिडकीच्या चौकटीसाठी असेल म्हणून तिनं उचलून फळीवर ठेवली होती. तिनं तिथूनच नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, मिस्त्री म्हणतात तर करू दे, इतका हप्ता भरतो आपण, आणि हे बघ, बाबांपाशी हा विषय नको. तिला वाद घालायचा होता बहुतेक. पण खरंखोटं करायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ती सगळी ताकद त्या आठवड्यात वाऱ्याचा वेग सांगण्यात गेली होती. ती मिस्त्रींना हो म्हणून घरी आली आणि कुकर लावला.

नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर यायचा होता, त्या दिवशी सासरे सकाळपासून तयार होऊन बसले. मी येणार, म्हणाले. सूनबाईनं बरंच सांगून पाहिलं, की तिथं बसायला जागा नाही, धूळ आहे, गुडघे दुखतील. त्यावर सासूबाई एकदम म्हणाल्या, मग मीही येते. त्या गॅरेजमध्ये आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या. तेव्हाच सूनबाईला काहीतरी कळायला हवं होतं, पण ती डबा भरण्याच्या गडबडीत होती. तिघं टॅक्सीनं गेले.

सर्व्हेअर पन्नाशीचा, कमरेला पट्टा बांधलेला माणूस होता. वाकताना तोंडातून बारीक आवाज काढायचा. त्या दिवशीची ही त्याची कितवी गाडी होती कोण जाणे; चेहऱ्यावर आनंद नव्हता, राग नव्हता, संशयही नव्हता. झाडाच्या पोकळीचा फोटो त्यानं मोठा करून पाहिला, मान हलवली, आणि वाऱ्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. सूनबाईला एवढं हलकं वाटलं की तिला त्याचे आभारच मानावेसे वाटले. मग तो मार्कर घेऊन गाडीभोवती फिरायला लागला. टपावर गोल. काचेवर गोल. बॉनेट, काचेशेजारचा उजवा खांब, आरसा. प्रत्येक गोलाचा फोटो. मिस्त्री मागं मागं, सासरे जरा लांब, हात मागे बांधून.

डाव्या बाजूला आल्यावर सर्व्हेअर कण्हत खाली बसला. बोटानं एक ओरखडा चाचपला, दुसरा चाचपला, वरचा रंग नखानं खरवडला.

"हे कशाचं?"

मिस्त्रींनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी सासूबाईच बोलल्या. "झाडाचंच. फांदी घासली ना."

"काकू, फांदी वरून आली," सर्व्हेअर म्हणाला. आवाज चढवला नाही. "हे आडवं आहे, खाली आहे. आणि वर रंग लावलाय. तुम्ही म्हणाल तर मी झाडाचं लिहितो. पण मग वर कुणीतरी हाच प्रश्न विचारेल आणि तुमचं सगळंच अडकेल. मला काय, मी लिहिणारा. गाडी कोण चालवतं?"

 पलीकडे एक जण टायर ठोकत होता, तो नेमका त्याच वेळी थांबला.

"मी चालवतो," सासरे म्हणाले. "ते झाडाचं नाही. ते माझं आहे."

"अहो," सासूबाई म्हणाल्या.

"माझं आहे ते." ते पुढे आले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि शिकवताना दाखवायचे तसं बोटानं दाखवायला लागले. "हा बँकेच्या पार्किंगमधला खांब. हे दवाखान्याचं फाटक. हा कोपरा आपल्याच गल्लीतल्या भिंतीचा, दोनदा लागलाय. आणि हा," त्यांचं बोट एका लांब, खोल ओरखड्यावर येऊन थांबलं, "हा कशाचा ते मला माहीत नाही. घरी आल्यावर दिसला. कशाला लागलं, कधी लागलं, मला कळलंच नाही."

ज्या माणसानं शहराला गाडी शिकवली तो माणूस हे बोलत होता, आणि समोर मिस्त्री जमिनीकडे बघत होते. सर्व्हेअरनं मार्करचं टोपण लावलं. डाव्या बाजूला त्यानं एकही गोल काढला नाही. उठताना त्यानं सासऱ्यांच्या खांद्याचा आधार घेतला, आणि सासऱ्यांनी तो दिला. जाताना फक्त एवढंच म्हणाला, "सगळे एकाच बाजूला आहेत, सर. डोळे दाखवून घ्या एकदा."

 घरी आल्यावर सासरे मागच्या खोलीत जाऊन पडले. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, ओट्यावरची आधीच स्वच्छ असलेली जागा पुसायला लागल्या, आणि पाठमोऱ्याच सांगायला लागल्या.

वर्षाच्या वर झालं होतं. एकदा बाजारातून येताना डावीकडून एक सायकलवाली मुलगी आली आणि ह्यांनी ब्रेक मारलाच नाही. सासूबाई ओरडल्या म्हणून थांबले. त्यांनी नंतर विचारलं तर म्हणाले, सूर्य डोळ्यांवर होता. सूर्य पाठीमागे होता. त्या दिवसापासून त्यांनी ह्यांना एकट्याला गाडी घेऊन जाऊ दिलं नाही. बँकेत, औषधं आणायला, कुठंही, मी येते म्हणायच्या. शेजारी बसायच्या, आणि डावीकडचं सगळं सांगायच्या. स्कूटर येतेय. माणूस उभा आहे. आता वळा. थोडं उजवीकडे घ्या. ह्यांनी कधी विचारलं नाही तू का सांगतेस, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. दोघं मिळून एक गाडी चालवत होते.

सूनबाईला आठवलं, सासूबाईंना अलीकडे फिरायची हौस आली म्हणून तिनं नवऱ्याजवळ थट्टा केली होती. म्हातारपणी दोघांचं बरं जमलंय म्हणाली होती.

"आणि तो ओरखडा?" तिनं विचारलं. "तो कशाचा?"

"तेवढ्या एका दिवशी मला ताप होता. ते एकटे गेले." सासूबाईंनी फडकं पिळलं. "मी दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यानं चालत गेले. दुकानादुकानात विचारलं. एका दुकानाच्या बाजूला भिंतीला लावलेली एक सायकल पडली होती, चाक वाकलं होतं. तिच्यावर तेव्हा कुणी बसलेलं नव्हतं. सायकलवाल्याला शोधून काढलं, चाक बदलून दिलं, हात जोडले. पण हे विचारून कळेपर्यंत मी त्या रस्त्यानं कशी चालले, ते माझं मला माहीत."

सूनबाईला खूप राग आला होता. एखादं मूल मध्ये आलं असतं तर, असं ती बोललीही. सासूबाई म्हणाल्या, हो. मी रोज हेच म्हणायची स्वतःला. आणि मग ते बूट घालायचे, किल्ली घ्यायचे, चेहरा असा व्हायचा त्यांचा, आणि मी जाऊन शेजारी बसायची. गाडी सोडली असती तर ते काय राहिले असते गं?

 सूनबाईला अजूनही राग होता, पण तो धरून ठेवायलाही बळ लागत होतं, आणि समोरची बाई तिच्याहून जास्त दमलेली होती. तिनं फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि खुर्ची पुढे केली.

डोळ्यांच्या दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीत सासऱ्यांना मशीनसमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं, कडेला कुठंही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. सूनबाई पडद्याबाहेर बसली होती. बटणाची टिकटिक ऐकू येत होती. मग ती विरळ झाली. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना.

"आजोबा, झोप लागली का?" आतल्या मुलीनं विचारलं.

"नाही," सासरे म्हणाले. "मी बघतोय."

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात फार पुढे गेलेला. डॉक्टरांनी कागदावर काळे डाग दाखवले, म्हणजे न दिसणारा भाग. डावीकडचा जवळजवळ सगळा भाग काळा होता. गेलेली नजर परत येणार नाही, म्हणाले, पण उरलेली थेंबांनी सांभाळता येईल. गाडी मात्र आजपासून बंद. सासऱ्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "कधीपासून असेल हे?"

"सांगता येत नाही. वर्षांनुवर्षं असू शकतं. हळूहळू जातं, आणि रिकामी जागा मेंदू आपल्या मनानं भरून टाकतो. माणसाला वाटतं, दिसतंय सगळं."

"स्कूल बंद केली त्याच्या आधीपासूनही?"

डॉक्टरांना स्कूल कसली ते ठाऊक नव्हतं. असू शकेल, म्हणाले, आणि थेंबांची चिठ्ठी लिहायला लागले. पुढे कित्येक दिवस सासरे जेवताजेवता थांबायचे आणि नजर कुठंतरी लावून बसायचे. सूनबाईला कळायचं की ते एकेक विद्यार्थी आठवतायत. शेवटच्या वर्षात कोण कोण शेजारी बसलं होतं, कुठल्या चौकात, कुठल्या वळणावर. एकदा म्हणाले, कपड्यांच्या दुकानवालीला मी रागावलो होतो, उगाच ब्रेक मारलास म्हणून. उगाच मारला नसेल तिनं. एवढंच बोलले आणि पानावरून उठले.

विम्याचं काम आपल्या गतीनं चाललं होतं. टप, काच, बॉनेट मंजूर झालं. सर्व्हेअरनं कुजलेल्या बुंध्याचं नीट लिहिलं होतं. डावी बाजू अर्थातच नाही. पण मंजूर होणं आणि हातात पडणं यांत बरंच अंतर होतं. एकदा एक सही राहिली. एकदा सही होती पण ती जुन्या सहीशी जुळत नव्हती, कारण सासऱ्यांची सही आता ओळीच्या खाली उतरायला लागली होती. सूनबाईनं त्यांना बँकेत नेऊन ती नव्यानं करवून आणली. काच आली ती दुसऱ्याच गाडीची. टप आलं तर रंगवाला आजारी पडला. मिस्त्रींच्या दारी खेटे घालून तिच्या चपलेचा अंगठा तुटला. मधल्या काळात दवाखाना, बँक, औषधं, सगळं बसनं आणि टॅक्सीनं, आणि सगळं तिच्या लॅबच्या आधी किंवा नंतर. रक्त काढताना एकदा एका बाईनं तिला विचारलं, तुमचंच तपासलंय का कधी? फिकट दिसताय. ती हसली आणि बाईला मूठ आवळायला सांगितली.

नवरा महिनाअखेरीला आला तेव्हा म्हणाला, गाडी विकून टाकू. सोपं होईल सगळं. तो हे सासऱ्यांसमोर बोलला नाही, तिला बाल्कनीत नेऊन बोलला. ती म्हणाली, "तू सांग त्यांना." तो म्हणाला, "तू जरा समजावलंस तर..." त्या वेळी मात्र तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं वाक्य तिथंच सोडलं. मग तो खरंच वडिलांजवळ जाऊन बसला. आत काय बोलणं झालं तिला कळलं नाही. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "बाबा म्हणतात, तिला विचार. चालवायची असेल तर तिनं चालवावी, नसेल तर विका."

तिला गाडी नको होती. तिला झोप हवी होती. पण दर आठवड्याला डोळ्यांचा दवाखाना होता, सासूबाईंचे गुडघेही आता बोलायला लागले होते, आणि बसस्टॉपवर त्या दोघांना हाताला धरून उभं राहणं तिनं महिनाभर केलं होतं. ठेवू, ती म्हणाली. कपाटातून लायसन्स काढलं. त्यावरचा फोटो एका गुटगुटीत, निवांत मुलीचा होता.

गाडी तयार झाली त्या दिवशी सासरे बरोबर आले. मिस्त्रींनी डाव्या बाजूचे चर भरून, घासून, रंग मारून ठेवला होता, आणि पैशांचं काढल्यावर ते कानावर हात ठेवून आत निघून गेले. सासऱ्यांनी ती बाजू बघितली. हात फिरवला नाही. मग सवयीनं उजव्या दाराकडे वळले, अर्ध्यात थांबले, आणि पुढून वळसा घालून डाव्या दारानं आत बसले.

सूनबाई स्टिअरिंगवर बसली.  पहिल्या चौकात गाडी दोनदा बंद पडली, मागचे हॉर्न वाजवायला लागले. एके काळी अशा वेळी ते एवढ्या जोरात खेकसायचे की फुटपाथवरचे लोक वळून बघायचे. आता समोर बघत बसले होते, हात मांडीवर. त्या गप्प बसण्यानं तिला जास्त घाबरायला झालं. तिनं पुन्हा किल्ली फिरवली. गाडी चालू झाली, हळूहळू चौक ओलांडला, बाजाराचा रस्ता गेला, चढ गेला. डावीकडून एक स्कूटर घुसली, तिनं ती वेळेवर पाहिली आणि वेग कमी केला. सासऱ्यांना ती स्कूटर दिसली नव्हती. गाडी का मंदावली म्हणून त्यांनी तिच्याकडे वळून बघितलं, आणि मग स्कूटर पुढे गेलेली त्यांना दिसली.

"बरोबर," ते म्हणाले.

गल्लीत आल्यावर तिनं गाडी कशीबशी भिंतीपासून हातभर लांब लावली. इंजिन बंद केलं. वर सासूबाई चहा टाकून वाट बघत असणार होत्या. संध्याकाळचे थेंब घालायचे होते, विमा कंपनीला शेवटची पावती पाठवायची होती, उद्या लॅबमध्ये सकाळची पाळी होती. ती दार उघडायला गेली आणि तिचा हात तसाच राहिला. पाठ सीटला टेकली होती, आणि ती उचलायचं बळ काही केल्या येईना.

"बाबा, तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी येते."

ते उतरले नाहीत. चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला.

"क्लचवरून पाय काढत नाहीस तू," ते म्हणाले. "पाय दुखेल. उद्या सांगतो." आणि थोड्या वेळानं, "बस जरा. मलाही घाई नाही."

दोघं काचा वर करून तसेच बसून राहिले. वरून सासूबाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग चहाखालचा गॅस बारीक करायला आत गेल्या.